तुम्ही विचारलंत म्हणून: आधी टाकी, मग बंब

आंजर्ल्याला आमच्याकडे उतरणारे पाहुणे पहिल्याच सकाळी चहा घेताना विचारतात, "काकू, सोलर सोडून हा लाकडाचा बंब कशाला?" ज्यांचं स्वतःचं गावाला घर आहे ते पुढचंही विचारतात, "घ्यायचाच तर केवढा घ्यावा?"

सोलरचं आधी उरकते. ऑक्टोबर ते मे त्याला तोड नाही. पण आमचं घर नारळाच्या वाडीत. छपरावर सावली, आणि काचेच्या नळ्यांवर वरून नारळ आला की काय होतं ते शेजारी पाहिलंय. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. गीझर आहे, पण लाइट इथं पाहुणीसारखी येते-जाते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ झालं, तेव्हा तर विजेचे खांबच आडवे झाले आणि कित्येक आठवडे अंधार होता. वाडीतली जी आंब्या-फणसाची झाडं पडली, ती मात्र पुढं दोन वर्षं जळणाला पुरली.

आता बंब. सासूबाईंचा तांब्याचा वीस लिटरचा होता. वरून गार ओतायचं, तोटीतून कढत घ्यायचं. घरच्या चौघांना ठीक, पण तीन खोल्या भरल्या की पहाटेपासून दहापर्यंत कुणीतरी त्याच्यापुढे फुंकणी घेऊन बसलेलंच. नारळाची सोडणं धुमसायची, धूर न्हाणीघरात.

भाचा स्वीडनला असतो. तिकडे घर उबदार ठेवायला तळघरात लाकडाचा बॉयलर नि शेजारी हजार-दीड हजार लिटरची टाकी. दिवसातून एकदा जाळ करायचा, तोही भडकता, आणि ती ऊब टाकीतल्या पाण्यात साठवून दिवसभर घरभर फिरवायची. आपल्याला घर तापवायची गरज नाही, ते एप्रिल फुकट करून देतो. पण त्याची गोम मला पटली. जाळ मंद ठेवला की धूर होतो, धुरांड्यात डांबरासारखी काजळी साचते, आणि लाकूड जातं ते जातंच. म्हणून जाळ मोठा नि थोडा वेळ, आणि साठवायला टाकी.

म्हणून सांगते, आधी टाकीचं माप काढा. आंघोळीच्या वीस लिटरच्या बादलीला साठ अंशाचं पाणी साधारण आठ लिटर लागतं, बाकी गार. आमची टाकी तीनशे लिटरची, म्हणजे तीसेक बादल्या सहज. सत्तावीसवरून साठ अंशांवर यायला तिला जवळपास दहा हजार किलोकॅलरी लागतात. निम्मी आच धुरांड्यातून गेली असं धरलं तरी सहा किलो सुकं लाकूड. ओलं असेल तर हिशेब विसरा. चिरलेलं लाकूड पावसाळाभर मांगरात, म्हणजे वाडीतल्या खोपटात, कोरडं ठेवून पुढल्या वर्षी जाळायचं. सुरुवातीला करवंट्या, त्या धडधडून पेटतात.

टाकी बुटकी-रुंद नको, उभी घ्या, आणि बंबापेक्षा उंचावर बसवा. गरम पाणी आपणच वर चढतं, गार खाली उतरतं, पंप लागत नाही. लाइट गेली तरी चालू.

आमच्या फिटरनं गार पाण्याचा पाइप टाकीत वरून सोडला होता. गार पाणी वरच्या गरमात मिसळायचं आणि चौथ्या बादलीलाच पाणी कोमट. मी लाकडाला दोष देत बसले, आठवडाभर! मग तोच पाइप आत तळापर्यंत नेला आणि त्याच टाकीत सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. दुसरं म्हणजे वरचा वाफेचा उघडा पाइप. तीनशे लिटर पाणी तापून चार लिटरनं फुगतं, त्याला जायला वाट हवी. त्यावर कॉक बसवू देऊ नका, कुणी कितीही हुशार असो. विहीर खाडीकाठच्या खाजणाजवळची, मचूळ पाण्याची असेल तर टाकीला साधं 304 नंबरचं स्टील घेऊ नका, खाऱ्या पाण्याला जास्त टिकणारं 316 मागा. महाग पडतं.

टाकीभोवती ऊब धरून ठेवायला चार बोटं जाड ग्लासवूल आहे. त्यात मी तीन ठिकाणी तळहाताएवढ्या खिडक्या ठेवून घेतल्यात, वर, मध्ये, खाली. सकाळी नऊला हात लावते. वर चटका, मध्ये चटका, खाली गार म्हणजे निम्मे पाहुणे अजून झोपलेत.