तुम्ही विचारलंत म्हणून : इंटर्नशिपआधी पायथन शिकू की आर?

फेब्रुवारी उजाडला की हा प्रश्न येतो. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची मुलं विचारतात, कधी त्यांचे आईबाबा विचारतात. "उन्हाळ्यात हॉस्पिटलच्या डेटावर इंटर्नशिप करायची आहे. आधी काय शिकायला हवं?" मीही २०१९ च्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या संशोधन विभागात दोन महिने होते आणि आज त्याच प्रकारच्या कामावर माझं पोट आहे, म्हणून मनापासून सांगते.

पायथन आणि आर या डेटा हाताळायच्या प्रोग्रॅमिंग भाषा. त्यांतली कुठलीही एक शिका. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींत सगळं होतं. फाइल उघडता येणं, दोन तक्ते जोडता येणं, साधा आलेख काढता येणं एवढं आलं की पुरे, बाकीचं काम शिकवतं. पण पहिल्याच आठवड्यासाठी गाइडकडे एक गोष्ट मागून घ्या. ओपीडीत, जिथे केसपेपरवर आकडे लिहिले जातात, त्या टेबलाशेजारी चार सकाळी बसायची परवानगी.

मला हे उशिरा सुचलं. माझ्याकडे ब्लडप्रेशर आणि शुगरच्या पेशंटांच्या नोंदी होत्या. पहिले तीन आठवडे मी एसीत बसून तारखा दुरुस्त करत होते. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे एक्सेलने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मग वरच्या बीपीचा शेवटचा अंक मोजून बघितला. पाऱ्याच्या मशीनवर दोन-दोनच्या खुणा असतात, त्यामुळे वाचन नीट झालं तर ०, २, ४, ६, ८ हे पाचही अंक साधारण सारखे यायला हवेत. माझ्या आलेखात शून्याचा खांब ताडासारखा आणि बाकीचे चार गुडघ्याएवढे. १२०, १३०, १४०, १५०.

याने काय बिघडतं? उच्च रक्तदाबाची रेघ १४० वर आहे. १३८ चंही १४० लिहिलं जातं आणि १४२ चंही. मी प्रोग्रॅममध्ये '१४० किंवा जास्त' लिहिलं होतं. ते बदलून '१४० पेक्षा जास्त' करून बघितलं, तर उच्च रक्तदाबाच्या पेशंटांचा आकडा धाडकन खाली आला. एका बरोबरच्या चिन्हावर इतकी माणसं आजारी किंवा बरी ठरत होती.

मला सिस्टरांचा राग आला होता. गाइड म्हणाल्या, "उद्या सकाळी त्यांच्याकडे जाऊन बस." गेले. साडेनऊला रांग दारापर्यंत होती. नियम असा की पेशंटने पाच मिनिटं शांत बसायचं आणि पारा सेकंदाला दोन खुणांमधल्या अंतराएवढाच, म्हणजे दोन मिलिमीटर, उतरू द्यायचा. हिशेब करा. १८० पासून ६० पर्यंत यायला एक मिनिट लागतं. साठ पेशंट असतील तर नुसता पारा उतरायला एक तास. पट्टा बांधणं, बाही वर करणं, आजोबांच्या सदऱ्याची बटणं काढणं वेगळंच. सिस्टर एकट्या होत्या, आणि त्याच वेळी वजनही घेत होत्या, केसपेपरही लावत होत्या. पारा सर्रकन उतरायचा आणि कानाला ठोका लागेल तिथला जवळचा दहाचा आकडा लिहिला जायचा. शून्याचा तो उंच खांब साठ माणसांमागे एकच सिस्टर असल्यामुळे होता. रिपोर्टमध्ये मी हे असंच लिहिलं आणि शेजारी एक मागणी जोडली : त्या टेबलावर सकाळी आणखी एक माणूस द्या.

तिथेच दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या. "वय किती आजी?" "लिही गं सत्तर." सिस्टरांनी लिहिलं सत्तर. माझ्या फाइलमध्ये वयं पाच आणि शून्यावर का साठली होती, ते डोळ्यांसमोर घडलं. मी बाकावर त्यांच्याशेजारी बसले आणि विचारलं, "पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?" आजींचा चेहराच बदलला. "अगं, तिसरीत होते! नुकती शाळा सुरू झालेली. शनिवारात राहायचो आम्ही. काकांनी मला खांद्यावर घेतलं आणि पर्वतीकडे पळाले." पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. तिसरीतली मुलगी आठेक वर्षांची. म्हणजे आजी सत्तरच्या नाहीत, सहासष्टच्या आसपास. माझ्या तक्त्यात साठ ते एकोणसत्तर आणि सत्तर ते एकोणऐंशी असे गट होते, आणि आजी चुकीच्या गटात बसल्या होत्या.

मग मी एक कागदच केला. पानशेत १९६१, कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७, बहात्तरचा दुष्काळ. पाटणकडच्या एका बाबांनी सांगितलं, "कोयना हलली त्या साली थोरला झाला." लोकसंख्येचा अभ्यास करणारे अशी घटनांची यादी फार पूर्वीपासून वापरतात, हे मला नंतर समजलं. आजही मी वयाच्या रकान्याशेजारी 'वय कसं कळलं' असा रकाना ठेवते.

माझ्याबरोबरच्या मैत्रिणीकडे गरोदर बायकांच्या नोंदी होत्या. पुष्कळ जणींची नावं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नोंदलेली, तपासण्या नियमित, आणि सातव्या महिन्यानंतर रकाने कोरे. तिने त्या ओळी 'अपूर्ण' म्हणून काढून टाकल्या होत्या. पुष्कळदा असंच करतात. ओपीडीतल्या मावशींनी नुसतं डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "पहिलटकरणी असतील. डोहाळजेवण झालं की माहेरी जातात ना." खरंच, बहुतेकींचं पहिलंच बाळंतपण होतं. आता यातली मेख बघा. गरोदरपणात बीपी वाढण्याचा त्रास पहिलटकरणींत जास्त आढळतो. त्याच ओळी उडवल्या तर उरलेल्या तक्त्यात तो आजार आहे त्यापेक्षा कमी दिसणार, आणि आपण छानसा आलेख काढून सांगणार की आमच्याकडे हे प्रमाण कमी आहे. मैत्रिणीने सगळ्या ओळी परत घेतल्या आणि त्या बायकांच्या माहेरच्या गावी फोन करून बाळंतपण कसं झालं ते विचारायची परवानगी काढली. हे आपल्याकडच्या कुठल्याही मुलीच्या आईला ठाऊक आहे, आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकात ते नाही.

पुण्यात या कामाची मोठी परंपरा आहे, तीही जाण्याआधी वाचून घ्या. इथल्या केईएम हॉस्पिटलने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. वजनाने लहान, किरकोळ दिसणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र तुलनेने जास्त असतं, हे त्यातून जगापुढे आलं. ती बाळं आता तिशीतली माणसं आहेत. नुसतं वजन लिहून कुणी थांबलं असतं तर हे दिसलंच नसतं. चिमट्याने कातडीच्या घडीची जाडी मोजली, म्हणून दिसलं. पुण्याजवळच वढूला २००२ पासून घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर नोंदवतात. तिथले कार्यकर्ते भेटले तर त्यांच्याशी तासभर बोला.

गुप्ततेबद्दल एवढंच, की नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं समजू नका. छोटं गाव, वय आणि एखादा दुर्मीळ आजार, या तीन रकान्यांवरून गावातलं कुणीही ओळखेल. फाइल पेनड्राइव्हवर घरी नेऊ नका, गाइडनी स्वतः दिली तरी.

आणि चौकशी मे महिन्यात करू नका. पेशंटांच्या नोंदींना हात लावायचा तर नैतिकता समितीची मंजुरी लागते. समितीची बैठक ठरलेल्या दिवशीच असते, आणि एखादी शंका निघाली तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं लागतं. फेब्रुवारीतच पत्र लिहा, आणि त्या पत्रातच ओपीडीतल्या चार सकाळीही मागा.