सैतानाच्या जिन्यावर वाट कोणी कोणाला द्यावी : अल्गॉन्क्विनमधील ५९० मीटर

कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी निमुळती होडी, भाड्याने देणाऱ्या दुकानातील तरुणाने नकाशावर बोट ठेवून, ‘५९० मीटर म्हणजे दहा मिनिटांची चाल,’ असे हसत सांगितले आणि आम्ही चौघांनी ते खरे मानले. कारण गुंजवण्याहून राजगड चढलेल्या माणसांना अर्धा किलोमीटर म्हणजे काय, असा आमचा तोरा होता. अल्गॉन्क्विन उद्यानातील रॅगेड सरोवरापासून बिग पॉर्क्युपाइन सरोवरापर्यंतची ही जंगलातली पायवाट पार करायला आम्हाला पावणेदोन तास लागले, आणि त्यातील निदान निम्मा वेळ चढामुळे नव्हे, तर इतरांच्या व आमच्या स्वतःच्या अडाणी वागण्यामुळे गेला. ज्यांना कनू वल्हवता येते आणि पंधरा किलोची सॅक घेऊन चढता येते, अशांनीच हा वृत्तांत वाचावा. बाकीच्यांनी आधी एखाद्या शांत तळ्यावर सराव करावा.

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १८९३ साली स्थापन झालेले अल्गॉन्क्विन उद्यान साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे. तेथे एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना कनू आणि सामान अंगावर घेऊन जंगलातून चालावे लागते. या वाटांना पोर्टेज म्हणतात आणि त्यांच्या दोन्ही टोकांना पिवळे फलक असतात. फलकावर अंतर मीटरमध्ये लिहिलेले असते. चढ मात्र लिहिलेला नसतो. आम्ही महामार्ग ६० वरून स्मोक सरोवरात उतरलो, ते दक्षिणेकडे वल्हवत ओलांडले, २४० मीटरच्या पहिल्या सोप्या पोर्टेजने रॅगेडमध्ये आलो आणि तेथून त्या ५९० मीटरच्या वाटेला लागलो, जिला येथील लोक ‘डेव्हिल्स स्टेअरकेस’, म्हणजे सैतानाचा जिना म्हणतात. हे नाव दुकानातील तरुणाला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

आम्ही गेलो तो ऑगस्टच्या सुरुवातीचा लांब शनिवार-रविवार होता, आणि ही आमची पहिली चूक होती. उद्यानाच्या आतील भागात आरक्षण सरोवराचे मिळते, तंबू ठोकण्याच्या विशिष्ट जागेचे नाही. जो आधी पोहोचेल तो चांगली जागा धरतो. त्यामुळे दुपारपर्यंत प्रत्येक जण घाईत असतो आणि ही सगळी घाई पोर्टेजच्या सुरुवातीच्या त्या चिंचोळ्या काठावर येऊन आदळते, जिला लँडिंग म्हणतात. आम्ही पोहोचलो तेव्हा एका मोठ्या गटाने त्या काठावर चटई अंथरून जेवण मांडले होते आणि त्यांच्या तीन कनू पाण्यात अर्ध्या, खडकावर अर्ध्या अशा आडव्या पडल्या होत्या. आम्ही वाऱ्यात वीस मिनिटे घिरट्या घालत त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि आमची पाळी आल्यावर अगदी तेच केले. चार सॅक, अन्नाचा डबा, सुटी वल्ही, लाइफ जॅकेटे, ओल्या चपला असा सगळा संसार मांडून आम्ही कोण काय उचलणार यावर चर्चा करीत बसलो. मागे एकटीच कनू घेऊन आलेली एक वयस्क बाई पाण्यात थांबली होती. बऱ्याच वेळाने तिने शांतपणे एवढेच विचारले की, ही सगळी माणसे एकाच गटाची आहेत का. त्या प्रश्नाने मला जेवढी लाज वाटली, तेवढी रागावून बोललेल्या कोणत्याही वाक्याने वाटली नसती.

म्हणून स्पष्ट सांगतो : आधीचा गट काठावर असेल तर पाण्यातच, त्यांच्या वाटेबाहेर थांबावे. कोणी काय न्यायचे हे मागच्या सरोवरात वल्हवतानाच ठरवावे. काठाला लागताच सामान उतरवून वाटेच्या एका बाजूला एकत्र ठेवावे, कनू लगेच पाण्याबाहेर उचलून घ्यावी आणि जागा मोकळी करावी; यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर आपले सामान जास्त आहे किंवा तयारी कमी आहे. जेवण, छायाचित्रे, पाणी गाळणे, हे सर्व इतरत्र करावे. वल्ही आणि जॅकेटे सुटी नेण्याऐवजी कनूला किंवा सॅकला बांधावीत, कारण सुट्या वस्तूंमुळे आणखी एक खेप वाढते. दोन खेपा म्हणजे दुप्पट चाल नव्हे, तर तिप्पट. मधली परतीची चाल लोक विसरतात, आणि आमचे ५९० मीटर अशा रीतीने १,७७० झाले.

आता त्या चढाविषयी. कनू उलटी करून डोक्यावर घेतली की तिची मधली आडवी पट्टी खांद्यांवर बसते. तिला योक म्हणतात, म्हणजे आपले बैलाचे जूच. त्या अवस्थेत माणसाला पुढची चार-पाच पावले दिसतात, वर आणि बाजूला काहीच दिसत नाही, आणि पाच मीटर लांबीचे ते धूड वळवायचे तर पुढचे टोक एका झाडावर आणि मागचे दुसऱ्यावर आपटते. अशा वेळी वरून रिकाम्या हातांनी गप्पा मारीत येणारे तिघे वाटेच्या मधोमध उभे राहिले आणि मी, सभ्यपणा म्हणून, कनूसह कडेला सरकलो. पाय ओल्या मुळावरून घसरला, गुडघा खडकावर आपटला आणि तो अजून जिना उतरताना दुखतो. तो सभ्यपणा नव्हता, मूर्खपणा होता. ज्याच्या डोक्यावर कनू आहे त्याने बाजूला होऊ नये. ज्याला दिसते आणि ज्याला सरकता येते त्याने वेळीच कडेला उभे राहावे, रिकाम्या हातांच्या माणसाने सर्वांत आधी. दोन कनू समोरासमोर आल्या, तर ज्याच्या पायाखालची जागा सपाट आहे त्याने थांबावे. वळणापूर्वी मोठ्याने ‘कनू येते आहे’ असे ओरडण्यात संकोच बाळगू नये. दम लागल्यास कनूचे टोक झाडाच्या बेचक्यात टेकवून विश्रांती घेता येते, परंतु तिचे दुसरे टोक वाट अडवणार नाही हे पाहूनच. जुन्या काळी फरच्या, म्हणजे प्राण्यांच्या केसाळ कातड्यांच्या, व्यापारातील वाहक पाठीवर नव्वद पौंडांची दोन-दोन गाठोडी घेऊन अशा वाटा चालत आणि ठरावीक अंतरावर बोजा उतरवून विसावा घेत. आम्ही मात्र जिथे दम लागला तिथेच, वाटेच्या मध्यावर, सॅक टाकून बसत होतो.

चिखल लागला तर त्यातून सरळ जावे. कडेने वळसा घातल्याने वाट रुंदावते, झाडांची मुळे उघडी पडतात आणि पुढच्या वर्षी चिखल दुप्पट होतो. बूट भिजणारच आहेत. वाटेत ठेवलेले दुसऱ्याचे सामान बेवारस नसते, त्याची दुसरी खेप चालू असते. त्याला हात लावू नये, आणि मदत करायची झाल्यास आधी विचारावे, कारण तोल सांभाळणाऱ्या माणसाची कनू न सांगता मागून उचलणे धोक्याचे असते.

कनू खडकावर ओढली, याचा दंड आम्हाला परत आल्यावर भरावा लागला. दुकानाने कनूच्या तळावरच्या प्रत्येक ओरखड्याचे पैसे लावले. त्यातील दोन ओरखडे आमचे होते, उरलेले आधीचे होते असे मी शपथेवर सांगू शकतो, पण पुरावा नव्हता. निघण्यापूर्वी कनूच्या तळाची छायाचित्रे दुकानदारासमोर काढावीत. वजनाने हलक्या, केवलार या बळकट कृत्रिम धाग्याच्या कनूसाठी जास्त भाडे भरणे मात्र सर्वस्वी योग्य आहे, आणि या चढावर त्याबाबत काटकसर करणाऱ्याची मला कीव येते.

बिग पॉर्क्युपाइनवरील दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. पाणी स्वच्छ होते आणि रात्री लून पक्षी ओरडत होते. पाणी उपसण्याची लहान बादली, तिच्यातील शिटी आणि तरंगता दोर यांसह, चढावर कुठेतरी हरवल्याचे पहिल्याच संध्याकाळी लक्षात आले. कनूत या वस्तू हव्यातच, त्यामुळे त्या दोन दिवसांत आम्ही काठ सोडून लांब गेलो नाही.

परतताना पहाटे साडेसहाला वरच्या लँडिंगवर आलो तेव्हा तेथे कोणी नव्हते. पिवळ्या फलकाशेजारच्या फांदीला, डोळ्यांच्या उंचीवर, आमची बादली अडकवलेली होती आणि दोर आत नीट गुंडाळून ठेवलेला होता.