क्रशरवाल्या काकांना रॉयल्टी घ्यायची होती

मी जालन्यात टॅक्सची कामं बघतो. रिटर्नच्या ऐन गर्दीत आमचे खडी क्रशरवाले काका आले, मोबाईलवर पुण्याच्या पुतण्याने पाठवलेली पीडीएफ. कॅनडातली एक छोटी मायनिंग रॉयल्टी कंपनी, तिच्यात पंधरा लाख टाकायचे म्हणे, पैसे बाहेर कसे पाठवायचे तेवढं सांगा.

पाठवणं अवघड नाही, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशात पैसे पाठवायची योजना) खाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत जातात. पण काका, ही कंपनी करते काय ते कळलंय का?

"साहेब, मी आयुष्यभर खडीच्या ब्रासमागे सरकारला रॉयल्टी भरत आलो. डिझेल वाढलं, क्रशरची जॉ प्लेट झिजली, पोरं गावाकडं पळाली, तहसीलला काय फरक पडला? एकदा मला बी तिकडच्या खुर्चीत बसू द्या की."

खरं सांगू, इतकं नेमकं तर मलाही सांगता आलं नसतं. खाण दुसऱ्याची, खर्च दुसऱ्याचा, अन् माल विकला की त्यातला टक्का-दोन टक्के आपला. काही सौद्यांत आधी मोठी रक्कम देऊन पुढं सोनं-चांदी ठरलेल्या स्वस्त भावात उचलायची, त्याला स्ट्रीम म्हणतात. सोन्याचा भाव वाढला की मजा, पडला तर कमाईही पडते, एवढं काकांना माहीत होतं.

मग मी पीडीएफमधलं टेबल मोठं करून दाखवलं. रॉयल्ट्यांची लांबलचक यादी, पण शेवटच्या कॉलममध्ये बहुतेक ठिकाणी 'एक्स्प्लोरेशन', म्हणजे अजून नुसतं ड्रिलिंग चालू, एक ग्रॅम सोनं निघालेलं नाही अन् निघेल की नाही ते पण नक्की नाही, प्रत्यक्ष चालू खाणी जेमतेम दोन. आणि नवीन रॉयल्टी घ्यायला पैसा कुठून येतो तर कंपनी दरवर्षी नवे शेअर काढते, म्हणजे आपला हिस्सा पातळ होत जातो. पुतण्याने हे पान बघितलेलंच नसणार, त्याला पहिल्या पानावरची सोन्याची वीट आवडली असणार.

काका म्हणाले, मग मोठी कंपनी घेऊ. मी फ्रँको-नेवाडाचं सांगितलं, या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक, शेकडो खाणी अन् प्रकल्पांवर रॉयल्टी किंवा स्ट्रीम. पनामातल्या कोब्रे पनामा या तांब्याच्या खाणीत त्यांची स्ट्रीम होती, कमाईतला सगळ्यात मोठा वाटा तिथूनच यायचा. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने खाणीचा करार घटनाबाह्य ठरवला, लोक आधीपासून रस्त्यावर होतेच, खाण बंद. फ्रँको-नेवाडाला एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम हिशोबातून उडवावी लागली. बाकीच्या खाणी होत्या म्हणून कंपनी तगली, पण शेअर आपटलाच.

काका जरा वेळ गप्प. मग म्हणे, "म्हंजे आमच्यावानीच की. वरून आदेश आला, क्रशरला सील लागलं, की मी बी बंद अन् माझी रॉयल्टी बी बंद. फरक इतकाच, मी निदान कलेक्टर ऑफिसला चकरा तरी मारतो. पनामात कोण जाणार?"

रॉयल्टीवाल्याच्या हातात खरंच फार काही नसतं. खाण कधी सुरू करायची, किती खोदायचं, कधी थांबायचं, सगळं चालवणारा ठरवतो. तो बुडाला तर रॉयल्टी जमिनीला चिकटलेली आहे की नुसत्या कागदावरचा करार आहे यावर भांडण, ते पण तिकडच्या कोर्टात.

पैसे पाठवायचा फॉर्म त्यांनी परत पिशवीत टाकला. नाही म्हणाले नाहीत, दिवाळीनंतर मोठ्या कंपनीत दोन लाखाचं बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन, जरा घुश्शातच, काकाला कामून घाबरवलं म्हणून. त्याला म्हटलं ते टेबल उघड आणि चालू खाणी मोज, मग बोलू.