रिबीन कुठे गेली?

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला तेव्हाच ठरवलं की स्नेहसंमेलन, सहल आणि छड्या यांवर बाकीचे लिहितीलच. मी लिहिणार आहे नववीतल्या विज्ञानाच्या एका तासाबद्दल, कारण आज माझं पोट त्यावरच चालतं. पोलादी नळ्यांचे आणि टाक्यांचे वेल्डिंगचे जोड न फोडता, कानाला ऐकू न येणारे ध्वनितरंग सोडून आतून तपासणं, म्हणजे अल्ट्रासोनिक टेस्टिंग, हे माझं काम.

तरंगाची व्याख्या सरांनी त्या दिवशी फळ्यावर लिहिलीच नाही. एक लांब, मऊ स्प्रिंग आणून जमिनीवर ताणली. एक टोक एका मुलाला घट्ट धरायला सांगितलं, दुसरं स्वतःकडे ठेवलं, आणि मधल्या एका वेढ्याला लाल रिबीन बांधली. हात आडवा झटकला, तसा एक फुगवटा सळसळत त्या मुलापर्यंत गेला आणि उलट्या बाजूने परत आला. सरांनी विचारलं, "रिबीन कुठे गेली?" कुठेच नाही. बाजूला सरकली आणि जागेवर आली. मग त्यांनी काही वेढे जवळ दाबून धरले आणि सोडले. आता दाटी पुढे पळाली, तिच्यामागे विरळपणा पळाला. रिबीन जराशी पुढे-मागे झाली आणि पुन्हा जिथल्या तिथे. पहिला अवतरंग, दुसरा अनुतरंग. संपीडन आणि विरलन हे शब्द त्यानंतर आले, त्यामुळे ते पाठ करावे लागले नाहीत.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. सरांनी हात जोरात झटकला. फुगवटा मोठा झाला, पण पोचायला वेळ तेवढाच लागला. आयाम वाढवला म्हणून तरंग लवकर पोचत नाही. वेग माध्यम ठरवतं, वारंवारिता हलवणारा ठरवतो आणि तरंगलांबी त्या दोघांच्या हिशेबातून निघते. वेग म्हणजे वारंवारिता गुणिले तरंगलांबी, हे सूत्र सगळ्यांना येतं. त्यात कोण मालक आणि कोण नोकर, हे फारसं कुणी सांगत नाही. २० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे आपल्याला ऐकू येणारा सगळ्यात खर्जातला २० हर्ट्झचा आवाज १७ मीटर लांबीचा आणि सगळ्यात तार २०,००० हर्ट्झचा जेमतेम १७ मिलिमीटरचा. एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वेग आणि तरंगलांबी बदलतात, वारंवारिता मात्र तीच राहते.

हवा आणि पाणी दाबलं तर उलट रेटतात, पण त्यांचे थर एकमेकांवरून आडवे सरकवले तर मुकाट सरकतात. म्हणून त्यांच्या आतून ध्वनी जातो तो अनुतरंग म्हणूनच. स्थायू दोन्हींना विरोध करतो, म्हणून त्यातून दोन्ही जातात. (पाण्याच्या पृष्ठभागावरच्या लाटेत पाण्याचे कण गोल फिरतात, ते प्रकरण वेगळं. प्रकाशाला तर माध्यमच लागत नाही, तरी तो अवतरंगच.) भूकंपाचे आडवे तरंग पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातून पार होत नाहीत. सुमारे २,९०० किलोमीटर खाली द्रव आहे, हे तिथे कुणी न जाता त्यावरूनच कळलं.

आम्ही हेच पोलादात करतो, फक्त मिलिमीटरच्या हिशेबात. पोलादात अनुतरंग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातो, अवतरंग सुमारे ३,२०० मीटर. वारंवारिता तीच ४ मेगाहर्ट्झ ठेवली, तर पहिल्याची तरंगलांबी दीड मिलिमीटर आणि दुसऱ्याची ०.८ मिलिमीटर भरते. बारीक दोष पकडायला आखूड तरंग बरा. म्हणूनही जोडाच्या तपासणीला अँगल प्रोब, म्हणजे तरंग तिरका सोडणारा आणि परत आलेला टिपणारा प्रोब, लागतो. त्याच्या प्लॅस्टिकच्या पाचरीतून तरंग तिरका शिरतो आणि पोलादात त्याचे दोन होतात. तिरकेपणा साधारण २८ अंशांच्या पुढे गेला की अनुतरंग पोलादात शिरतच नाही, एकटा अवतरंग उरतो. दोन्ही आत गेले असते, तर स्क्रीनवरचा एको, म्हणजे परत आलेल्या तरंगाची खूण, कुणाचा हे ठरवता आलं नसतं. प्रोबखाली जेल लावतो, कारण हवेचा पातळ थर राहिला तरी जवळजवळ सगळा तरंग माघारी फिरतो. आणि तडा सापडतो तोही याच कारणाने: तड्यात हवाच असते.

कधी स्क्रीनवर एको उठतो आणि कळत नाही, हा आतला दोष आहे की वेल्डच्या फुगीर माथ्यावरून आलेला. मग मी बोट जेलमध्ये बुडवून माथ्यावर टेकवतो आणि उचलतो. बोटाबरोबर एको खाली-वर झाला, तर तो माथ्यावरचाच. बोट तिथे तरंगाची थोडी ऊर्जा शोषून घेतं. ढिम्म हलला नाही, तर मापं घेऊन खडूने खूण करायची. नवीन आलेल्या पोरांना मी आधी हे करायला लावतो, आकडे नंतर.