नऊची गोळी सव्वादहाला

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आई आत्ता कुठे झोपली. लिहायचा मूड नाहीये खरं तर, पण झोपही येणार नाही हे माहितीये म्हणून वही घेऊन बसलेय.

झालं असं की संध्याकाळी प्रार्थनेच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला, प्रभू येशूचं पुन्हा येणं आता अगदी दाराशी आलंय म्हणून, त्यात तो माणूस बोर्डावर बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याच्या भविष्यवाणीतले सत्तर आठवडे मांडून युद्धं, भूकंप सगळ्याचा हिशोब जुळवून दाखवत होता, तो संपला की दुसरा आपोआप सुरू, मग तिसरा, आणि मी बघतच राहिले. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. अंगावर काटा आला की आपल्याला वाटतं आपण फार आत्मिक वगैरे झालो. आईची बीपीची गोळी नऊला असते. ती मला सव्वादहाला आठवली!

धावत बाहेर गेले तर आई दाराशी उभी. रोजचाच प्रश्न, "हे आले का गं?" बाबांना जाऊन चार वर्षं झाली, आधी तिला ते कळायचं, आता संध्याकाळ झाली की कळत नाही. आणि मी, जी दोन तास प्रभूच्या येण्याबद्दल ऐकून आले होते, ती तिच्यावर खेकसले, "नाही येणार ते! किती वेळा सांगू?" ती फक्त "बरं" म्हणाली आणि परत दाराकडे बघत उभी राहिली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय उघडला. खरं सांगायचं तर व्हिडिओतलं बरोबर आहे का ते तपासायला उघडला होता, पश्चात्ताप वगैरे काही नाही. युद्धं, दुष्काळ, भूकंप हे सगळं सुरुवातीलाच आहे आणि आपण तिथेच रेंगाळतो. ३६ व्या वचनात येशू स्वतः सांगतो की तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. मग पुढे काय? मला वाटायचं पुढे काहीतरी मोठं असेल, पण पुढे येतो एक घरगडी. धनी बाहेर गेलाय आणि याच्याकडे काम काय, तर घरातल्या माणसांना वेळेवर जेवायला देणं. बस! धनी येईल तेव्हा जो हे करताना सापडेल तो धन्य. आणि दुसरा दास मनात म्हणतो, धनी काही इतक्यात येत नाही, आणि सोबतच्या दासांना मारायला लागतो. मी हात उचलला नाही एवढंच. आणि गंमत म्हणजे मी "उशीर आहे" असंही म्हणत नव्हते, मी तर "आता येतोच आहे" म्हणत होते, तरी त्याच दासाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

तारखा काढायचा नाद काही आजचा नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या धर्मोपदेशकाच्या मागे गेलेले लोक २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभू येणार म्हणून बसून होते, काहींनी शेतातलं उभं पीकसुद्धा काढलं नव्हतं म्हणे, आणि २३ तारीख उजाडली. मग २०११ मध्ये हॅरॉल्ड कॅम्पिंग, रेडिओवरून २१ मे सांगितली, ती गेल्यावर २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी चूक कबूल केली त्याने. मी हसणार होते त्यांना. पण त्यांनी निदान पीक तरी सोडलं, मी आईची गोळी विसरले आणि तेही मोबाइलपायी.

थेस्सलनीका शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतही असे लोक होतेच, कामधंदा सोडून दुसऱ्यांच्या भानगडीत लुडबुड करणारे, त्यांनाच प्रेषित पौलाने त्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात लिहिलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. (आमच्या ग्रुपवर दिवसाला वीस फॉरवर्ड टाकणारे एक काका आहेत, त्यांचीच आठवण आली. आज मात्र त्यांना बोलायचा मला अधिकार नाही.)

पण मला अडकवून ठेवलं ते पहिल्या पत्राने. तिथल्या लोकांचं टेन्शन वेगळंच होतं, प्रभू येईल ते ठीक, पण त्याआधी आमची जी माणसं गेली त्यांचं काय, ती मागे राहणार का? म्हणजे युद्ध, भूकंप काही नाही, घरातलं एक माणूस कमी झालंय त्याचा प्रश्न. आणि पौल त्यांना रडू नका असं म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखं दुःख करू नका म्हणतो. त्यातलं ४:१४ हे वचन मी कितीतरी अंत्यविधींना ऐकलंय, बाबांच्या वेळीही वाचलं होतं, जे येशूमध्ये झोपी गेलेत त्यांना देव त्याच्याबरोबर आणील. त्याच्याबरोबर आणील. आज पहिल्यांदा ते नीट कानात शिरलं.

कधीकधी मी "मारानाथा, ये प्रभू" म्हणते ना, ते प्रेमाने नसतं, थकल्यामुळे असतं. तू ये म्हणजे मला उद्या परत उठून हे सगळं करायला नको. अशी प्रार्थना त्याला चालते का माहीत नाही, पण प्रेषित पेत्र त्याच्या पत्रात म्हणतो प्रभू उशीर करत नाहीये, धीर धरतोय, कुणाचा नाश होऊ नये म्हणून. आजच्या रात्रीपुरता तो धीर माझ्यासाठीच होता असं मी धरून चालते. आणि येशूने सांगितलेल्या, दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्यात एक गोष्ट मला फार आवडते, नवरदेव यायला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा जणींना झोप लागली. शहाण्या पाच जणीसुद्धा झोपल्याच होत्या! रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला हे वाचून किती बरं वाटतं ते मला विचारा.

गोळी घेताना आईने परत विचारलं, "हे आले का?" नेहमी मी दोनच उत्तरं देते, एकतर खरं सांगून तिला रडवते, नाहीतर "बाजारात गेलेत" म्हणून थाप मारते आणि मग मलाच टोचत राहतं. आज म्हटलं, "अजून नाही आले गं आई. येतील तेव्हा दोघी मिळून भेटू." आणि बोलून झाल्यावर लक्षात आलं की यात खोटं काहीच नाही.

तिने माझ्याकडे नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, "मग बाहेरचा लाइट घालवू नकोस."

तो मी रोज दहाला बंद करते. आज चालू ठेवलाय. ग्रुप म्यूट केलाय आणि उद्यासाठी पावणेनऊचा अलार्म लावलाय.