जेटेबलमध्ये टिक असेल तरच सेल उघडणे: माझा अनुभव

जावा स्विंगमध्ये (खिडक्या-बटणे बनवण्याची जावाची लायब्ररी) केलेल्या बिलाच्या खिडकीत जेटेबल, म्हणजे ओळी-कॉलमांचा तक्ता, होता. त्यात सहा कॉलम होते: वस्तू, दर, नग, सूट आहे का, सूट टक्के आणि रक्कम. चौथ्या कॉलमात टिक असेल त्याच ओळीत टक्के लिहिता यायला हवे होते, आणि रक्कम कधीच हाताने बदलता येता कामा नये.

तक्त्याचा डेटा मॉडेल नावाचा वेगळा क्लास सांभाळतो. सेल बदलता येईल का हे त्याची इज-सेल-एडिटेबल ही मेथड सांगते. डिफॉल्ट-टेबल-मॉडेलमध्ये ती प्रत्येक सेलसाठी ट्रू देते, त्यामुळे रक्कमही उघडायची. ॲब्स्ट्रॅक्ट-टेबल-मॉडेलमध्ये ती कायम फॉल्स देते. मी दुसरे घेतले. सगळे बंद ठेवून हवे तेवढेच उघडले, की चुकून काही मोकळे राहत नाही. नियम एका स्विचमध्ये बसला (कोडमध्ये कॉलम 0 पासून मोजतात, म्हणून टिकचा कॉलम 3): कॉलम 0 ते 3 ट्रू, 4 ला त्या ओळीची टिक, 5 ला फॉल्स. टिकच्या कॉलमसाठी गेट-कॉलम-क्लासमधून (कॉलममधल्या डेटाचा प्रकार सांगणारी मेथड) बूलियन क्लास द्यावाच लागतो, नाहीतर चेकबॉक्सऐवजी 'ट्रू' हा शब्द दिसतो.

हा नियम आधी मी जेटेबलच्याच सबक्लासमध्ये लिहिला होता, आणि तिथेच घोळ झाला. तिथे मिळणारे क्रमांक पडद्यावरचे असतात. दरावर सॉर्ट केले की पडद्यावरची तिसरी ओळ मॉडेलमधली सातवी असू शकते. मग भलत्याच ओळीची टिक तपासली जाते. कॉलम ओढून हलवला तरी तेच. जेटेबलची मूळ मेथड क्रमांक मॉडेलमधल्या क्रमांकांत बदलून मगच मॉडेलला विचारते. म्हणून नियम मॉडेलमध्येच हवा.

सेलमध्ये मूल्य लिहिणाऱ्या मॉडेलच्या सेट-व्हॅल्यू-ॲट मेथडमध्ये टिक निघाली की टक्के 0 करायचे, रक्कम पुन्हा काढायची आणि ओळ बदलल्याची खबर तक्त्याला देणारी फायर-टेबल-रोज-अपडेटेड त्या एकाच ओळीसाठी बोलवायची. फक्त टिकच्या सेलची खबर दिली तर शेजारची जुनी रक्कम तशीच दिसत राहते. सगळा डेटा बदलल्याची खबर देणाऱ्या फायर-टेबल-डेटा-चेंज्डने आकडे बरोबर येतात, पण निवडलेली ओळ सुटते. दिवसभर बिले भरणाऱ्याला ते फार जाचते.

बंद सेल राखाडी दिसावेत म्हणून जेटेबलची प्रिपेअर-रेंडरर मेथड ओव्हरराइड केली (रेंडरर म्हणजे सेल पडद्यावर काढणारा). रेंडररचा एकच कंपोनंट सगळ्या सेलसाठी पुन्हा पुन्हा वापरला जातो, त्यामुळे एकदा दिलेला राखाडी रंग पुढच्या सेलनाही चिकटतो. उघड्या सेलला मूळ रंग परत द्यायचा, आणि निवडलेल्या ओळीला हात लावायचा नाही. इथे जेटेबलचीच इज-सेल-एडिटेबल विचारावी, कारण क्रमांक पडद्यावरचे आहेत.

सर्वांत महाग चूक जतन करताना होते. टक्क्यांत 12 लिहून थेट 'जतन करा' दाबले, तर एडिटर (सेलमध्ये टाइप करायची चौकट) उघडाच राहतो आणि 12 मॉडेलपर्यंत पोचतच नाही. 'टर्मिनेट-एडिट-ऑन-फोकस-लॉस्ट' ही जेटेबलची क्लायंट प्रॉपर्टी (एक सेटिंग) ट्रू केली की बटणापुरते भागते. कंट्रोल-एसने जतन करताना मात्र फोकस हलत नाही, म्हणून जतनाच्या कृतीत आधी एडिटरची स्टॉप-सेल-एडिटिंग मेथड बोलवतो, जी लिहिलेले स्वीकारून एडिटर बंद करते. फॉल्स आले तर जतन थांबवतो. पूर्णांकाच्या कॉलमात अक्षरे टाकली की असेच होते, सेलला लाल चौकट येते.

पेस्टची सोय दिली असेल तर आणखी एक तपासणी लागते. सेट-व्हॅल्यू-ॲट कोडमधून बोलवल्यावर जेटेबल इज-सेल-एडिटेबल पाहतच नाही. प्रत्येक सेल लिहिण्याआधी मी स्वतः विचारतो, तेही डावीकडून उजवीकडे जात, म्हणजे टिक आधी पडते आणि टक्के नंतर.