घरी बांधलेला एसडीआर ट्रान्सीव्हर सुधारताना

हौशी रेडिओच्या चाळीस आणि वीस मीटर या दोन बँडांसाठी मी बांधलेला दहा वॅटचा सॉफ्टवेअर-आधारित (एसडीआर) ट्रान्सीव्हर, म्हणजे पाठवणे आणि ऐकणे दोन्ही करणारा सेट, गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा बोलता-ऐकता झाला. पहिल्या संपर्काचा आनंद मोठा होता. पण सेट चालतो म्हणजे तो चांगला चालतो असे नव्हे, आणि खरे काम त्यानंतरच सुरू झाले. त्या कामाचा हा अनुभव, विशेषतः ज्यांनी असा सेट बांधला आहे आणि पडद्यावर दिसणाऱ्या नको त्या रेषा कुठून येतात या प्रश्नाशी जे झगडत आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहीत आहे.

आधी सेटची रचना सांगतो. अँटेनाकडून आलेला सिग्नल बँडपास फिल्टरमधून, म्हणजे हवा तो बँडच आत सोडणाऱ्या गाळणीतून, एफएसटी३२५३ या जलद स्विचच्या चिपवर जातो. डॅन टेलो यांच्या नावाने ओळखला जाणारा हा डिटेक्टर आहे. तेथून स्वतःचा गोंगाट कमी असलेल्या ऑप-अँपमधून (वर्धक चिपमधून) तो कोडेकपर्यंत, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपपर्यंत, पोहोचतो, कोडेक त्याचे सेकंदाला ९६ हजार नमुने घेतो आणि पुढचे सगळे गणित ६०० मेगाहर्ट्झचा टीन्सी ४.१ हा छोटा प्रोसेसर-बोर्ड करतो. ऑसिलेटर, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणारी चिप, एसआय५३५१ आहे. सुटे भाग बहुतेक पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळाले. टोरॉइड (कॉइल गुंडाळायच्या चुंबकीय कड्या) आणि काही चिपा मात्र बाहेरून मागवाव्या लागल्या.

आपल्याकडे घरी सेट बांधणाऱ्यांना हैदराबादच्या अशर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांचा बिटएक्स हा सेट ठाऊक असतोच. नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळूनही नीट बोलणारा एसएसबी, म्हणजे सिग्नलची एकच बाजू (साइडबँड) पाठवणारा, सेट होऊ शकतो, हे त्या आराखड्याने आमच्यासारख्या अनेकांना दाखवून दिले. बिटएक्समध्ये नको असलेली साइडबँड क्रिस्टल फिल्टर कापतो. माझ्या सेटमध्ये तो फिल्टरच नाही; तेथे एकमेकांपासून ९० अंश सरकलेल्या दोन वाटा आहेत आणि त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून नको ती बाजू नाहीशी करायची आहे. त्यामुळे क्रिस्टल निवडण्याचे कष्ट वाचतात. पण त्या दोन वाटा जितक्या तंतोतंत जुळतील तितकाच सेट चांगला, ही अट कायमची मागे लागते.

ही अट किती कडक आहे ते आकड्यांतच पाहावे. दोन वाटांतील सिग्नलच्या उंचीत (ताकदीत) एक टक्का आणि कोनात एक अंश एवढा फरक असला, तर पलीकडच्या बाजूची इमेज, म्हणजे सिग्नलचे नको असलेले प्रतिबिंब, मूळ सिग्नलपेक्षा सुमारे ४० डेसिबलच खाली राहते. संध्याकाळी चाळीस मीटरवर एखादे जवळचे स्थानक जोरात बोलत असेल, तर ४० डेसिबल खालची त्याची सावलीही दुसऱ्या टोकाच्या मंद सिग्नलला गिळून टाकते. शिवाय पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे ऑसिलेटरच्या फ्रिक्वेन्सीवर, डीसीचा (स्थिर व्होल्टेजचा) उंचवटा आणि विजेच्या पुरवठ्याचा गुंजन बसलेला असल्यामुळे मी ऑसिलेटर १२ किलोहर्ट्झ बाजूला ठेवून ऐकतो. म्हणजे ऐकायच्या सिग्नलपासून २४ किलोहर्ट्झवर, मध्याच्या पलीकडे, नेमकी ती इमेज असते.

सुरुवातीला ही इमेज ४० तर सोडाच, १२ किलोहर्ट्झच्या अंतरावर जेमतेम ८ डेसिबल खाली होती. उंची आणि कोन दुरुस्त करणारी दोन स्थिरांकांची नेहमीची पद्धत लावली, की ती त्या एका जागी छान दबे, आणि डायल थोडी फिरवली की पुन्हा वर येई. येथे मी सोल्डरिंगची बंदूक बाजूला ठेवून आधी ती कशी वागते याची नोंद करायला बसलो. सिग्नल जनरेटरचा सूर मध्यापासून १, ३, ६ आणि १२ किलोहर्ट्झवर ठेवून प्रत्येक वेळी इमेजची उंची लिहून काढली. १ किलोहर्ट्झवर ती सुमारे ३० डेसिबल खाली होती आणि अंतर वाढेल तशी वाढत जात होती. रेझिस्टर-कपॅसिटरच्या तफावतीतून येणारा दोष सहसा इतका मोठा होत नाही. कोनातील चूक अंतराच्या प्रमाणात वाढत असेल, तर तो दोष कोनाचा नसून वेळेचा असतो. हिशेब करून पाहिला: ९६ हजार नमुन्यांच्या वेगाला एका नमुन्याचा उशीर म्हणजे १२ किलोहर्ट्झवर बरोबर ४५ अंश आणि १ किलोहर्ट्झवर पावणेचार अंश. दोन्ही ठिकाणी मोजलेल्या उंचीशी हे तंतोतंत जुळले.

म्हणजे डाव्या वाटेचा एक नमुना उजव्या वाटेच्या पुढच्या नमुन्याशी जोडला जात होता. कोडेकचे डावे-उजवे ठरवणारे घड्याळ आधीपासून चालू असते आणि प्रोसेसर मधल्याच क्षणी वाचायला लागला, तर अशी जोडी चुकते. हे प्रत्येक वेळी घडत नसल्यामुळे सेट बंद-चालू केल्यावर कधी इमेज आपोआप नाहीशी होई, आणि दोष सोल्डरच्या एखाद्या कच्च्या सांध्यात आहे असा भास होई. उपाय सॉफ्टवेअरमध्येच होता. एसआय५३५१चा तिसरा आउटपुट मोकळा होता. तो चिपमधल्या दुसऱ्या पीएलएलवर (क्रिस्टलवरून वरची फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या भागावर) चालवून अगदी क्षीण रूपात फिल्टरच्या तोंडाशी दिला. आता सेट चालू होताना तो सूर आधी ३ आणि मग १२ किलोहर्ट्झवर येतो, सॉफ्टवेअर दोन्ही ठिकाणची इमेज मोजते, आणि चूक अंतराच्या प्रमाणात वाढताना दिसली तर एका वाटेला एक नमुना उशीर देते. त्यानंतरच उंची आणि कोन यांची बारीक दुरुस्ती होते. आज दोन्ही बँडांवर इमेज ६० डेसिबलहून खाली असते आणि उन्हाळ्यात पेटी तापली तरी फारशी हलत नाही. संपूर्ण कामातील मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग हाच.

वागणुकीवरून मूळ ओळखण्याची ही सवय पुढे फार उपयोगी पडली. दिवसा ७.१५ मेगाहर्ट्झच्या वर काही प्रसारण केंद्रांच्या कॅरियरसारख्या (वाहक लहरीसारख्या) रेषा दिसत, ज्या माझ्या जुन्या सेटवर त्या ठिकाणी कधीच नसत. डायल १ किलोहर्ट्झ सरकवली की खरा सिग्नल पडद्यावर तेवढाच सरकतो. या रेषा मात्र ३ किलोहर्ट्झ सरकत, आणि त्याही उलट्या दिशेने. स्विचवर चालणारा डिटेक्टर ऑसिलेटरच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीवरही ऐकतो, आणि तिप्पट फ्रिक्वेन्सीला ९० अंशांचे २७० अंश होत असल्याने साइडबँड उलटते. ७.१५ ते ७.२ मेगाहर्ट्झची तिप्पट म्हणजे २१.४५ ते २१.६, हा तर १३ मीटरच्या प्रसारण बँडचाच भाग आहे. रिसीव्हरच्या एकट्या बँडपास फिल्टरची त्या ठिकाणची अटकाव-क्षमता अपुरी होती. मी अँटेनाची तार ट्रान्समीटरच्या, वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या लोपास फिल्टरमधून आत नेली, म्हणजे ऐकताना आणि बोलताना दोन्ही वेळा तोच फिल्टर वाटेत आला, आणि त्या रेषा मुळापासून गेल्या. मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला बसलेले आकाशवाणीचे पुणे केंद्र आमच्या घरी जोरात येते. त्यासाठी खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा एक छोटा हायपास फिल्टर वेगळा घातला.

हा लोपास फिल्टर सात घटकांचा आहे. चाळीस मीटरसाठी टी३७-६ या पिवळ्या टोरॉइडवर २१, २४ आणि २१ वेढे, आणि २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरडचे कपॅसिटर. नॅनोव्हीएनए या फिल्टरचा वक्र दाखवणाऱ्या छोट्या मापकाला जोडून वेढे थोडे जवळ दाबले की इंडक्टन्स वाढतो आणि वक्र डावीकडे सरकतो, सैल केले की उजवीकडे. येथे घाई करू नये. ७ मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सी) थेट वीस मीटर बँडात पडतो, आणि आपल्या सेटचा त्रास दुसऱ्याच्या कानाला होता कामा नये, ही परवान्याची अट तर आहेच, पण सभ्यताही आहे.

डायल फिरवताना प्रत्येक पायरीला टक्-टक् आवाज येत असे, त्याचे कारण ऑसिलेटरच्या रजिस्टरांत, म्हणजे चिपच्या आकडे ठेवायच्या खणांत, होते. एसआय५३५१मध्ये दोन आउटपुट ९० अंशांनी सरकवायचे असतील, तर फेजच्या (कोनाच्या) रजिस्टरमध्ये विभाजकाचीच, म्हणजे पीएलएलची फ्रिक्वेन्सी जिने भागली जाते तीच, संख्या लिहावी लागते: ७.१ मेगाहर्ट्झला विभाजक ८८, पीएलएल ६२४.८ मेगाहर्ट्झ, आणि फेजही ८८. विभाजक बदलला की पीएलएल रीसेट करावा लागतो आणि तो आवाज त्याचाच. म्हणून चाळीस मीटरला ८८ आणि वीस मीटरला ४४ हे विभाजक कायम ठेवले आणि डायलने फक्त पीएलएलचा गुणक बदलायचा असे केले. रीसेट आता केवळ बँड बदलताना होतो. हे रजिस्टर सात बिटांचेच असल्यामुळे विभाजक १२७च्या वर जाऊ शकत नाही, आणि ऐंशी मीटरसाठी पीएलएल ६०० मेगाहर्ट्झच्या विहित मर्यादेखाली न्यावा लागतो. चिपला मर्यादेबाहेर चालवणे मला पटत नाही. म्हणून तो बँड या सेटमध्ये घेतला नाही.

साध्या क्रिस्टलच्या जागी २५ मेगाहर्ट्झचा टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदलले तरी फारसा न सरकणारा ऑसिलेटर, बसवला. एफटी८ या संगणकाने संदेश पाठवण्याच्या पद्धतीत सूर एकमेकांपासून ६.२५ हर्ट्झवर असतात आणि एक प्रसारण १२.६४ सेकंद चालते. तेवढ्या वेळात पॉवर अँप्लिफायर तापून क्रिस्टल सरकू लागला, तर समोरच्याचे डीकोडिंग हुकते. वीस मीटरवर दशलक्षात एक भाग सरकला तरी १४ हर्ट्झ होतात. बारीक जुळवणीसाठी चीनच्या बीपीएम केंद्राचा १० मेगाहर्ट्झचा वेळसंकेत वापरला.

बोलण्याच्या बाजूला इमेज आणि कॅरियरची गळती यांचे स्थिरांक वेगळे ठेवावे लागतात. ऐकण्याचे स्थिरांक तेथे चालत नाहीत, कारण वाट वेगळी, ऑप-अँप वेगळे. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर), सिग्नल क्षीण करणाऱ्या ४० डेसिबलच्या अटेन्युएटरमधून टायनीएसए हा स्पेक्ट्रम दाखवणारा मापक जोडून ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन सूर दिले. आधी दोन्ही वाटांच्या डीसी पातळीत बारीक बदल करून कॅरियर दाबला, मग विरुद्ध साइडबँड. पॉवर ट्रान्झिस्टरांचा बायस (सिग्नल नसतानाचा प्रवाह) हळूहळू वाढवत नेला, की दोन सुरांच्या बाजूला उगवणारी पिलावळ खाली बसत जाते. एका मर्यादेनंतर मात्र फक्त उष्णता वाढते. ती मर्यादा डोळ्यांनी पाहून तेथेच थांबलो.

मोर्स पाठवताना स्वतःचा सूर कानाला उशिरा येणे हा सॉफ्टवेअर सेटांचा नेहमीचा त्रास आहे. मिनिटाला २५ शब्दांच्या वेगात एक टिंब ४८ मिलिसेकंदांचे असते. सूर ३० मिलिसेकंद मागे राहिला की हात अडखळतो. मी तो सूर फिल्टरांच्या साखळीतून न नेता थेट कोडेकच्या आउटपुटपाशी मिसळतो. १२८ नमुन्यांचा एक गट म्हणजे सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास. एवढा उशीर कानाला जाणवत नाही. कळ दाबताना आणि सोडताना सिग्नलची कड ५ मिलिसेकंदांत गोलाईने चढते-उतरते, त्यामुळे शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर टकटक होत नाही.

एजीसीवर, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या भागावर, मात्र मी मनापासून रमलो. मे महिन्यात वळवाचे ढग जमू लागले, की चाळीस मीटरवर विजेचा कडकडाट सतत ऐकू येतो. साधा एजीसी प्रत्येक कडाडण्याला गेन (वर्धन) खाली ओढतो आणि मग सावकाश वर येतो. तेवढ्यात समोरच्याचे अर्धे वाक्य निघून जाते. मी दोन स्वतंत्र वळसे ठेवले. पहिला क्षणात खाली येतो आणि तितक्याच लगबगीने परततो; तो केवळ कान सांभाळतो. दुसरा सावकाश चालतो आणि बोलणाऱ्याच्या आवाजाची पातळी धरून ठेवतो. वीस मिलिसेकंदांपेक्षा कमी टिकणारा उसळा दुसऱ्या वळशापर्यंत पोहोचूच दिला जात नाही. वीज चमकून गेली, तरी पुढचा शब्द जागेवर ऐकू येतो.

शेवटची सुधारणा आमच्या सकाळच्या नेटवरील (रेडिओवरील ठरलेल्या सामूहिक गप्पांतील) एका दृष्टिहीन ज्येष्ठ स्नेह्यांमुळे झाली. पडदा, धबधब्यासारखा वाहणारा स्पेक्ट्रम, रंग, या सगळ्याचा त्यांना काय उपयोग, हा प्रश्न त्यांनी सौम्यपणे विचारला होता आणि तो मला टाळता येण्यासारखा नव्हता. मराठी अंक, बँडांची आणि मोडची नावे यांचे ध्वनिमुद्रण करून ते मेमरी कार्डावर ठेवले. डायलची मूठ दाबली की सेट ‘सात, शून्य, नऊ, पाच’ असे सांगतो. त्या वेळी रिसीव्हरचा आवाज पूर्ण बंद न होता फक्त खाली येतो, कारण कोणी हाक मारत असेल तर ती चुकू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी काही सकाळी हा सेट वापरून पाहिला आणि आता त्यांची मागणी आहे की अँटेनाचा एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळली आहे याचे माप) एका सुराच्या उंचीने कळावा, म्हणजे ट्यूनर जुळवताना मीटर वाचून देणारे कोणी शेजारी लागणार नाही. त्याचा कोड सध्या लिहीत आहे. ट्यूनरची मूठ फिरते त्याच क्षणी सूर बदलला पाहिजे, म्हणून तोही मोर्सच्या सुराप्रमाणे कोडेकच्या तोंडाशीच मिसळावा लागेल.